ड्रॅगन एज २ असा का झाला? थोडी मागची हकीकत

ड्रॅगन एज २ या व्हिडिओ गेमचं नाव काढलं की अजूनही दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते चांगल्या सिरीजची वाट लावली, दुसरी म्हणते सगळ्यात भारी कॅरेक्टर्स यातच आहेत. दोघांचंही बरोबरच आहे, आणि दोन्हीचं मूळ एकाच गोष्टीत आहे ते म्हणजे टाइम नव्हता.

पहिला भाग ओरिजिन्स, तो २००४ च्या ई-थ्री या गेम्सच्या प्रदर्शनात जाहीर झाला आणि हातात पडला नोव्हेंबर २००९ मध्ये. तो बनवणारी बायोवेअर म्हणजे कॅनडातल्या एडमंटनची कंपनी, बाल्डर्स गेट या जुन्या गेमवाली, त्यामुळे तीच स्टाइल, गेम पॉज करायचा, पीसीवर कॅमेरा वर न्यायचा आणि आपल्या टोळीतल्या चौघांना एकेक करून ऑर्डर द्यायची. एवढी वर्षं घासूनपुसून काढलेला गेम होता तो. पण मधल्या काळात बायोवेअर ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) या मोठ्या गेम कंपनीच्या ताब्यात गेली होती (डील ऑक्टोबर २००७ मध्ये जाहीर झालं), आणि तिथे कॅलेंडर कोणासाठी थांबत नाही.

ईएचं आर्थिक वर्ष संपतं ३१ मार्चला. बायोवेअरचाच स्टार वॉर्सवाला ऑनलाइन गेम, द ओल्ड रिपब्लिक, पुढे सरकत होता (शेवटी डिसेंबर २०११ ला आला), मग त्या वर्षाच्या कमाईतलं भगदाड बुजवायला काहीतरी हवंच होतं. ते काहीतरी म्हणजे ड्रॅगन एज २, रिलीज ८ मार्च २०११, ओरिजिन्सनंतर जेमतेम १६ महिन्यांनी. हे काही फॅन लोकांनी रचलेलं नाही, एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर मार्क डॅरानेच नंतर उघडपणे सांगितलंय.

आता एवढ्या वेळात अख्खा देश उभा करणं शक्यच नव्हतं, म्हणून सगळं किर्कवॉल या एकाच शहरात. आणि गुहा, अरे देवा त्या गुहा! क्वेस्ट वेगळी, गुहा तीच. कुठे या बाजूचा रस्ता दगडी फळी टाकून बंद, कुठे त्या बाजूचा, आणि मिनिमॅपवर (स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) मात्र पूर्ण गुहा दिसतेय, म्हणजे झाकायचं तरी नीट झाकायचं ना. फायटिंग फास्ट झालं पण पीसीवरचा वरचा कॅमेरा गेला, आणि एक टोळी संपवली की दुसरी थेट छतावरून टपकणार, मग आधी आखलेल्या डावपेचांना अर्थ काय राहिला.

पण एकाच शहरात अडकल्यामुळे रायटर लोकांना जे सुचलं ते आधी या सिरीजमध्ये नव्हतं. जग वाचवायची भानगडच नाही, गेमचा नायक हॉक हा घरदार सोडून पळालेला निर्वासित आणि त्याची साधारण दहा वर्षांची गोष्ट, तीही हॉकचा सोबती व्हॅरिक सांगतोय, धर्मसंस्थेची कॅसँड्रा त्याची चौकशी करतेय तेव्हा. सुरुवातीलाच हॉक एका फटक्यात राक्षसांचे तुकडे करतो आणि कॅसँड्रा मध्येच तोडते की थापा मारू नकोस, तिथून खरी गोष्ट चालू. असलं काही गेममध्ये क्वचितच बघायला मिळतं.

आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे दोस्ती-खुन्नसवाला मीटर, म्हणजे प्रत्येक सोबत्याचं तुमच्याशी नातं दोस्तीकडे झुकतंय की खुन्नसकडे ते मोजणारा. ओरिजिन्समध्ये सोबत्याला गिफ्ट देत सुटलं की तो खूश, इथे तसं नाही, भांडूनसुद्धा नातं तयार होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हॉकची सोबतीण इझाबेला कुनारी लोकांचा पवित्र ग्रंथ घेऊन पळते, ती परत येणार की नाही हे बऱ्याच अंशी या मीटरवर ठरतं. पक्की दोस्ती असेल तर येते, चांगलीच खुन्नस असेल तरी येते, पण तुम्ही तिच्याशी नुसतं गोडगोड मधलंमधलं वागला असाल तर गेलीच ती. केवढा विचार आहे यात!

विक्रीचं म्हणाल तर दोन आठवड्यांच्या आत दहा लाख कॉपी गेल्या असं ईएने सांगितलं, पण आरडाओरडाही तेवढाच झाला. एक्झॉल्टेड मार्च नावाचं एक्स्पान्शन (याच गेमची जोडपुरवणी) चालू होतं ते रद्द झालं आणि टीम इन्क्विझिशन या तिसऱ्या भागाला लागली, तो आला नोव्हेंबर २०१४ मध्ये. ड्रॅगन एज २ मध्ये जागा छोटी म्हणून शिव्या पडल्या होत्या ना, घ्या मग मैदानंच मैदानं, इतकी की लोक एकमेकांना सांगत होते बाबांनो हिंटरलँड्स या सुरुवातीच्या भल्यामोठ्या भागातून बाहेर पडा, गेम पुढे आहे. व्हॅरिक आणि कॅसँड्रा दोघंही परत आले ते छानच झालं. पण या सगळ्या दुरुस्तीत खुन्नसवाला मीटर काढून टाकला, आणि ज्यावर कोणाची फारशी तक्रार नव्हती तेच का काढलं हे मला तरी आजपर्यंत पटलेलं नाही.