बॅग आली नाही? आधी कागद घ्या, मग टॅक्सी

चवथीच्या आदल्या आठवड्यात आमच्या म्हापशाच्या ऑफिसात, जिथे आम्ही विमानात हरवलेल्या सामानाच्या भरपाईची कामं बघतो, दरवर्षी एक तरी माणूस असा येतोच, मस्कतहून नाहीतर दुबईहून सुट्टीवर आलेला, बॅग पट्ट्यावर आलीच नाही आणि घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची घाई म्हणून तसाच गाडीत बसून निघून आलेला. चार दिवसांनी आमच्याकडे येतो आणि म्हणतो, काऊंटरवरच्या मुलीने सांगितलं फोन करू. नंबर काही घेतलेला नसतो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की एअरपोर्टच्या दाराबाहेर पडायच्या आधी पीआयआर घ्या. पीआयआर म्हणजे सामान आलं नाही किंवा फुटून आलं याची विमानकंपनीने केलेली लेखी नोंद, तिच्यावर दहा अक्षर-आकड्यांचा फाईल नंबर असतो, पहिली तीन अक्षरं एअरपोर्टची, पुढची दोन कंपनीची आणि मग पाच आकडे. हा नंबर नसेल तर पुढे सगळं तोंडी राहतं आणि तोंडी गोष्टीला कंपनी विचारत नाही. दोन-तीन विमानं बदलून आला असाल तर नोंद शेवटच्या विमानाच्या कंपनीकडे करायची, बॅग मधेच कुठे राहिली हे शोधणं त्यांचं काम.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. 2023 पासून मोपा सुरू झाल्यावर गोव्याला दोन एअरपोर्ट झाले, दाबोळीचा कोड जीओआय आणि मोपाचा जीओएक्स, कोड चुकला तर बॅग भलत्याच एअरपोर्टला जाते. चेक-इनला बॅगेला लावतात त्या पट्टीवर हा कोड मोठ्या अक्षरात छापलेला असतो, तो तिथेच वाचा, फोटो काढा. पट्टीचा छोटा तुकडा तुम्हाला देतात तो बोर्डिंग पासला चिकटवलेला असतो, लोक विमानातून उतरताना तो पासासकट सीटच्या खिशात टाकून येतात, तसं करू नका हो, क्लेमला तोच लागतो.

आता पैशाचं. परदेशी प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारत त्यात 2009 पासून आहे. बॅग हरवली, उशिरा आली किंवा मोडली तर माणशी जास्तीत जास्त 1519 एसडीआर मिळू शकतात, ही मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासूनची. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, त्याचा रेट बदलत असतो, रुपयांत पावणेदोन लाखांच्या आगेमागे धरा. देशातल्या देशात मात्र माणशी 20,000 रुपयेच. एकाच तिकिटावर मस्कत-मुंबई-गोवा असेल तर मुंबई-गोवा तुकडासुद्धा परदेशी प्रवासात धरतात, वेगवेगळी तिकिटं काढून तीनशे-चारशे वाचवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण ही रक्कम म्हणजे कमाल, सरसकट कोणाला देत नाहीत, काय गेलं ते दाखवावं लागतं. आमच्या एका गिऱ्हाइकाने फॉर्मवर लिहिलं होतं, कपडे व इतर सामान. कंपनीने वजनावर किलोमागे काहीतरी रक्कम काढून दिली. आम्ही त्याला बसवून यादी करायला लावली, दोन जीन्स, सहा शर्ट, मुलीचे बूट, परफ्यूमच्या दोन बाटल्या, नवीन मिक्सर, आणि मोबाईलमधली बिलं, कार्डाचे मेसेज शोधून जोडले. मग आकडा बराच वर गेला. सोनं, रोकड, लॅपटॉप, शिपवर जॉईन होणाऱ्यांचं सीडीसी म्हणजे खलाशाच्या नोकरीच्या नोंदीचं पुस्तक हे खालच्या बॅगेत नकोच, तिथे कंपन्या सरळ हात वर करतात आणि मग भांडत बसावं लागतं.

मुदती नीट बघा. बॅग फुटली, फाटली असेल तर ताब्यात मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत, मधल्या काळात घेतलेल्या टूथपेस्ट, कपड्यांची बिलं जोडून. 21 दिवस उलटूनही आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. कोर्टात जायचं तर दोन वर्षांच्या आत. या परदेशी प्रवासाच्या मुदती आहेत, देशातल्या प्रवासालाही आम्ही याच पाळायला सांगतो, लवकर केल्याने काही बिघडत नाही. पीआयआर म्हणजे क्लेम नव्हे, क्लेमचं ईमेल वेगळं करावंच लागतं, इथे निम्मे लोक फसतात.

कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, मग ग्राहक हेल्पलाईन 1915, आणि तेही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, उत्तर गोव्याचा वेगळा नि दक्षिण गोव्याचा वेगळा. फुल अँड फायनल असं लिहिलेल्या कागदावर पैसे मिळतायत म्हणून घाईने सही मारू नका, एकदा सही झाली की आम्हालाही फार काही करता येत नाही.

चाक मोडलं, हँडल तुटलं एवढंच असेल तर आमच्याकडे येऊ नका, फी देण्यापेक्षा स्वतः ईमेल केलेलं परवडतं, मजकूर आम्ही फुकट सांगू. मोठं प्रकरण असेल तर बोर्डिंग पास, पट्टीचा तुकडा, पीआयआर, सामानाची यादी घेऊन या. शुक्रवारी मात्र बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेले बरे.