चांगला कोडर मॅनेजर कसा झाला: थोडी पार्श्वभूमी

अंधेरीचं सीप्झ, म्हणजे सॉफ्टवेअर कंपन्याही जिथे आहेत तो निर्यातीसाठीचा खास भाग, 1973 पासूनचं, ते सगळ्यांना माहितीये. सॉफ्टवेअर कंपनीतला आजचा टीम मॅनेजर मात्र घडला नव्वदच्या शेवटी, वायटूकेची, म्हणजे 2000 साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा चुकू नयेत म्हणून जुने प्रोग्राम दुरुस्त करायची कामं आली तेव्हा. माणसं भराभर घेतली, आणि ज्याने दोन-चार वर्षं कोड लिहिलाय त्याच्या हाताखाली फ्रेशर्सची अख्खी टीम दिली. त्याचं मुख्य काम ऑनसाइटला, म्हणजे परदेशात क्लायंटकडे, काम कुठवर आलं ते सांगणं. न्यूयॉर्कचे सकाळचे 10 म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ, त्यामुळे दिवसभराचं नीट बोलणं क्लायंटसाठी राखलेलं आणि टीमच्या वाट्याला फक्त "आजच्या आज पाहिजे".

चांगल्या कोडरला मॅनेजर करावं का, यातला सगळा वाद आहे तो प्रमोशनचा. पगार वाढायला हवा तर लीड व्हा, मग प्रोजेक्ट मॅनेजर, दुसरा रस्ताच बऱ्याच ठिकाणी नव्हता. कंपन्यांची बाजूही आहे, क्लायंटला बिल लागायचं ते दर माणसामागे, खाली स्वस्त फ्रेशर जास्त आणि वर अनुभवी थोडे तरच हिशोब जुळायचा, मग दहा वर्षं कोडच लिहिणाऱ्याला ठेवायचं कुठे? पण माणसांशी कसं बोलायचं, काम न जमणाऱ्याला तोंडावर पण मान राखून कसं सांगायचं, हे शिकवलं कोणीच नाही, आणि हे मला अजूनही अक्षम्य वाटतं. एक चांगला इंजिनियर गेला आणि टीमला मिळाला रात्री बसून सगळ्यांचा कोड परत लिहिणारा साहेब.

अमेरिकेत एका सर्च कंपनीने 2002 मध्ये इंजिनियरिंग मॅनेजरच काढून टाकून बघितले, काही महिन्यांत परत आणावे लागले. तिथेच नंतर झालेल्या अभ्यासात चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी निघाल्या, पहिली कोचिंग, टेक्निकल ज्ञान शेवटची. सॉफ्टवेअर कसं बनवावं यावरच्या 2001 च्या अजाईल जाहीरनाम्याने टीमने आपापसात बोलावं असं म्हटलं होतं, आपल्याकडे बऱ्याच टीममध्ये स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी मीटिंग, मॅनेजरला दिलेला हजेरीचा रिपोर्टच झाला.

मार्च 2020 नंतर तर पवई, ऐरोलीची ऑफिसं रिकामी, कोण अडकलंय हे चेहऱ्यावरून कळायचं ते बंद झालं, तेव्हा कुठे वन-ऑन-वन, म्हणजे मॅनेजरचं एकेकाशी वेगळं बोलणं, नियमित व्हायला लागले. आणि 2023 मध्ये अमेरिकेतल्या एका बड्या सोशल मीडिया कंपनीने मधले थर कमी करायला अनेक मॅनेजरना परत स्वतः काम करायला सांगितलं, तेव्हापासून आपल्याकडेही "मॅनेजरने कोड लिहावा का" हा प्रश्न पुन्हा निघालाय, पण त्याच्या टीमशी कोण बोलणार हे अजून कोणी विचारत नाहीये.