हिरडा, द्राक्षाची बी आणि चामड्याचं पहिलं पाकीट

पट्टा विकत घ्यायला नाशिकच्या मेनरोडवरच्या एखाद्या स्टॉलवर उभं राहिलं की विक्रेता खिशातून लायटर काढतो. ज्योत पट्ट्यावरून फिरवतो, पट्टा पेट घेत नाही, आणि ‘बघा, प्युअर लेदर’ असा निकाल लागतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी ही परीक्षा आता घरोघरी पोचवली आहे. चामड्याचं काम शिकू पाहणारे बरेच जण पहिला तुकडा याच भरवशावर घेतात आणि फसतात.

ज्योत दोन सेकंद फिरवली तर तेवढ्यात जाड रेग्झिनही सहसा पेटत नाही. जास्त वेळ धरली तर अस्सल चामडंही करपतंच, कारण ते प्रथिन आहे; केस जळल्यासारखा वास येतो तो त्यामुळेच. शिवाय चांगल्या चामड्यावर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पातळ लेप असेल तर तो आधी वितळतो आणि खरा माल खोटा ठरतो. ‘जेन्युइन लेदर’ या शिक्क्याचाही उपयोग नाही. वरचा कसदार थर काढून घेतल्यावर उरलेल्या खालच्या थराच्या वस्तूंवरही तो सर्रास मारलेला असतो.

खरं तर नवशिक्याने विचारायचा प्रश्न ‘अस्सल आहे का’ हा नाहीच. प्रश्न आहे: हे कातडं कशाने कमावलंय? झाडाच्या सालीने आणि फळांनी, की क्रोमियमच्या क्षारांनी? पाणी लावल्यावर ते वळेल का, ठसा धरेल का, कड घोटता येईल का, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं. ते घरी कळतं, आणि त्यासाठी लागतो नखाएवढा तुकडा.

पहिली परीक्षा लोखंडाची. काचेच्या बाटलीत पांढरं व्हिनेगर घ्या, त्यात तेलकटपणा धुऊन काढलेले चार-पाच लोखंडी खिळे टाका आणि आठवडाभर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो. या पाण्याचा एक थेंब चामड्याच्या आतल्या, खरखरीत बाजूला लावा. झाडाच्या टॅनिनने, म्हणजे साली-फळांतल्या तुरट द्रव्याने, कमावलेलं असेल तर मिनिटभरात डाग निळसर काळा पडतो. क्रोमचं असेल तर रंग जवळजवळ बदलत नाही. थोडा करडा झाला, तर क्रोमने कमावून वर झाडाच्या टॅनिनचा हात दिलेला माल समजावा. तो अर्धवट वागतो.

दुसरी परीक्षा उकळत्या पाण्याची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढं पुरेसं आहे. बोटभर लांबीची पट्टी कागदावर ठेवून पेन्सिलीने तिची लांबी आखून घ्या आणि मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा. क्रोमची पट्टी जवळपास तशीच बाहेर येते. झाडाच्या टॅनिनची पट्टी आखडते, वळते आणि रबरासारखी लागते.

असं का होतं, ते जरा सविस्तर बघू, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या इथूनच निघतात.

चामडं म्हणजे मुख्यतः कोलाजेन. या प्रथिनाच्या एका रेणूत तीन साखळ्या असतात आणि त्या सुंभाच्या पदरांसारख्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. प्रत्येक साखळीत सुमारे १००० अमिनो आम्लं, त्यातलं दर तिसरं ग्लायसिन. ग्लायसिन सर्वांत लहान, म्हणूनच पिळाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत मावतं. साखळीचा साधारण पाचवा हिस्सा प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन यांचा. त्यांच्या कडक वलयांमुळे पीळ टिकतो. तयार रेणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि जेमतेम दीड नॅनोमीटर जाड. असे असंख्य रेणू शेजारी-शेजारी, प्रत्येक जण ६७ नॅनोमीटरने पुढे सरकलेला, अशी रचना होऊन तंतूक बनतात, तंतूकांचे तंतू, तंतूंच्या जुड्या, आणि त्या जुड्यांचं तिन्ही दिशांना गुंतलेलं जाळं म्हणजे कातडं.

ओल्या कच्च्या कातड्यात या तंतूंमध्ये पाणी असतं. ते उडून गेलं की तंतू थेट एकमेकांना चिकटतात, त्यांच्यात हायड्रोजन बंध (रेणूंमधली दुबळी पकड) तयार होतात, आणि कातडं पुठ्ठ्यासारखं ताठ, किंचित पारदर्शक होतं. हलगी वाजवण्याआधी शेकतात ती याचसाठी. तिचं कातडं कमावलेलं नसतं. हवेतली ओल शिरली की ते सैल पडतं, शेकून पाणी काढलं की तंतू पुन्हा जवळ येऊन ताणले जातात. हलगीला हा गुण हवाच असतो, पाकिटाला मात्र तो अजिबात चालत नाही.

इथे टॅनिन येतं. द्राक्षाची बी दाताखाली आल्यावर तोंड तुरट होऊन जीभ कोरडी पडते, हा अनुभव नाशिककरांना सांगायला नको. त्या क्षणी बीमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांचा साका पाडत असतं, आणि लाळेतली ही प्रथिनं प्रोलिनने भरलेली असतात. कोलाजेनही तसंच. म्हणजे जिभेवर क्षणभर जी क्रिया होते, तीच टॅनरीच्या हौदात आठवडेच्या आठवडे चालते. हिरड्यातल्या चेब्युलिनिक आम्लाचा रेणू घ्या: रेणुभार सुमारे ९५७, अंगावर डझनभर हायड्रॉक्सिल गट. प्रत्येक गट कोलाजेनच्या साखळीशी हायड्रोजन बंध करू शकतो आणि टॅनिनची चपटी वलयं प्रोलिनच्या वलयांवर जाऊन बसतात. एकेक बंध दुबळा, पण एक रेणू अनेक ठिकाणी धरत असल्याने पकड घट्ट. टॅनिन तंतूंच्या मधल्या जागा भरून काढतं, त्यामुळे वाळल्यावरही तंतू एकमेकांना चिकटत नाहीत आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना प्रथिनापर्यंत पोचता येत नाही. कातड्याचं चामडं होतं ते असं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात. हे रसायन पिढ्यान्‌पिढ्या हाताने पेललं ते ढोर आणि चर्मकार कारागिरांनी. त्या हातांना समाजाने दूर ठेवलं आणि त्यांच्या चपला मात्र मिरवल्या, हे नोंदवायलाच हवं.

क्रोमची रीत वेगळी. त्रिसंयुजी क्रोमियम कोलाजेनच्या आम्लधर्मी गटांशी थेट बांधलं जातं. हे बंध पाण्याने सुटत नाहीत. म्हणून क्रोमचं चामडं उकळत्या पाण्यात टिकतं, मऊ राहतं, एक-दोन दिवसांत कमावून होतं आणि चामड्याची बहुतेक पादत्राणं त्याचीच असतात. पण ओलं करून त्याला आकार दिला तर वाळताना ते पुन्हा मूळ आकारात येतं. टॅनिनच्या चामड्यातले हायड्रोजन बंध पाण्याने ढिले होतात, तंतू सरकतात, आणि पाणी उडाल्यावर नव्या जागी नवे बंध होतात. ठसा टिकतो तो त्यामुळे. कच्चं कातडं ओल्या स्थितीत ६० ते ६५ अंशांना आखडतं, टॅनिनचं साधारण ७० ते ८५ अंशांना, क्रोमचं १०० च्या पुढे. तात्पर्य, ओलं टॅनिनचं चामडं हीट गनखाली किंवा गॅसजवळ वाळवायचं नाही. वाळलेलं चामडं जास्त उष्णता सोसतं, कारण तंतूंना सरकू देणारं पाणीच तिथे नसतं.

चामड्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट. फेफरं आलेल्या माणसाला चामड्याची चप्पल हुंगवायची पद्धत अजून गेलेली नाही. फेफरं ही मेंदूतल्या विद्युत्क्रियेची गडबड असते आणि बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. श्रेय चपलेला मिळतं. माणसाला कुशीवर वळवावं, तोंडात काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर थेट दवाखाना गाठावा.

आता खरेदी. सुरुवातीला टॅनिनने कमावलेलं, न रंगवलेलं म्हशीचं चामडं घ्यावं. मुंबईत धारावीच्या बाजारात मिळतं, चेन्नई-कानपूरहून मागवताही येतं. दर चौरस फुटाचा असतो, तुकडे किलोवरही विकतात. जाडी मिलिमीटरमध्ये मागा: पाकिटाला १.२ ते १.५, किल्ल्यांच्या कीचेनला २, कमरेच्या पट्ट्याला ३ ते ३.५. पोटाकडचं चामडं स्वस्त मिळतं, पण त्यातले तंतू विरळ असतात आणि ते ताणतं. सरावाला उत्तम, पट्ट्याला निरुपयोगी.

हत्यारं थोडीच लागतात. रापीला (चामडं कापायच्या सुरीला) धार लावणं हीच स्वतंत्र विद्या आहे, तेव्हा आधी नवं पातं घातलेला कटर आणि स्टीलची पट्टी वापरा. ॲल्युमिनियमची पट्टी नको, कटर तिचीच कड सोलतो. शिलाईला आकड्याची आरी नको. सरळ टोकाचा टोचा किंवा ४ मिलिमीटर अंतराचा पंच, बोथट टोकाच्या दोन सुया, मेण लावलेला ०.८ मिलिमीटरचा पॉलिस्टर दोरा, लाकडी मोगरी आणि कंपासपेटीतला डिव्हायडर घ्या.

पहिली वस्तू कार्ड ठेवायचं पाकीट असावी. बँकेचं कार्ड ८५.६ × ५४ मिलिमीटर असतं. दोन तुकडे १०० × ६५ मिलिमीटरचे कापा. एका दमात आरपार जायचं नाही. पहिला हात फक्त रेघ पाडण्यापुरता, मग त्याच रेघेतून तीन-चार हात. जोर लावला की चामडं पात्यापुढे सरकतं आणि कड तिरपी होते. वरच्या लांब कडेला मधोमध अंगठ्यासाठी अर्धगोल खाच घ्या. वरची कड आधीच घोटून घ्या, शिवल्यावर तिच्या आतल्या बाजूला हात पोचत नाही.

ठसा उठवायचा असेल तर शिलाईच्या आधी. ओल्या स्पंजने दोन्ही बाजू एकसारख्या भिजवा. एकाच बाजूला पाणी लावलं तर तुकडा वाकतो आणि डाग पडतो. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन-चार तास ठेवा, म्हणजे पाणी गाभ्यापर्यंत जाईल. बाहेर काढून थांबा. रंग जवळपास मूळचा झालेला दिसतो, पण तुकडा गालाला लावला की गार लागतो, ती वेळ बरोबर. ठोकल्यावर हत्याराखालून पाणी वर येत असेल तर ओल जास्त आहे, ठसा पसरेल. ठसा फिका आणि कडा फाटल्यासारख्या दिसल्या तर ओल कमी. एप्रिलमधल्या नाशिकच्या कोरड्या दुपारी ही योग्य अवस्था काही मिनिटंच टिकते, तेव्हा काम सकाळी करावं. जुलै-ऑगस्टमध्ये उलट अडचण: तुकडा वाळता वाळत नाही, आणि पिशवीत दोन दिवस राहिला तर बुरशी धरतो.

ओलं चामडं लोखंडाला टेकलं की निळे-काळे ठिपके उमटतात. ही तीच आपली पहिली परीक्षा, आता नको त्या जागी. जुन्या पोथ्यांसाठी हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई करत, तिच्यातही लोह आणि टॅनिन यांचाच काळा रंग असतो. ठिपका ताजा असेल तर लिंबाचा रस लावून लगेच पुसा, सायट्रिक आम्ल लोहाला ओढून घेतं. मग साध्या पाण्याने पुसून घ्या. उलट सगळं पाकीटच काळं हवं असेल तर तेच खिळ्याचं व्हिनेगर सगळीकडे फिरवा, वाळल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने पुसा, नाहीतर उरलेलं आम्ल तंतू ठिसूळ करतं.

शिलाई तीन बाजूंनी, एकूण सुमारे २१४ मिलिमीटर. कडेपासून ४ मिलिमीटर आत डिव्हायडरने रेघ ओढा. त्या पट्टीपुरतं आतून रबर सोल्युशन दोन्ही तुकड्यांवर पातळ लावून दहा मिनिटं थांबा, बोटाला ओलं लागेनासं झालं की दाबा. पंचाने सुमारे ५४ भोकं पडतील. दोरा शिलाईच्या चौपट लांब आणि सुयांपुरता जास्त, म्हणजे साधारण १२० सेंटिमीटर. दोन्ही टोकांना एकेक सुई. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध बाजूंनी जातात. उजवी आधी घातली तर शेवटपर्यंत उजवीच आधी, आणि दोन्ही दोरे सारख्या जोराने ओढायचे. हा क्रम मोडला की टाके एका बाजूने तिरपे आणि दुसऱ्या बाजूने सपाट दिसतात. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा मधोमध एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे एक तुटला की शिवण उसवत जाते. इथे दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात; एक झिजून तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी तीन भोकं उलट शिवून दोरा कापा आणि टोक पेटत्या काडीने वितळवून दाबा.

कड घोटायला २२०, ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर क्रमाने फिरवा. मग कतिरा डिंकाचं पाणी लावा: छोटा चमचाभर डिंक पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवलेला. जीन्सच्या तुकड्याने भराभर घासत राहा. ओल आणि घर्षणाची ऊब यांनी तंतू एका दिशेला निजतात आणि वाळताना चिकटतात. क्रोमच्या कडेवर कितीही घासलं तरी ती केसाळच राहते, तिला एज पेंट लागतो.

कापलेले क्रोमचे तुकडे थंडीत शेकोटीत टाकू नका. जळताना त्यातल्या क्रोमियमचा काही भाग षट्‌संयुजी, म्हणजे विषारी, रूपात जाऊ शकतो.

तेल अगदी कमी, पाकिटाला बोटाच्या टोकावर मावेल तेवढंच. जास्त झालं तर चामडं लुळं पडतं आणि ठसे बोथट होतात. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणून डिसेंबरात पाकिटावर पांढरट थर दिसला तर लगेच बुरशी समजू नका. हेअर ड्रायरची कोमट हवा फिरवा. थर विरघळून नाहीसा झाला तर ते तेल, कोरड्या फडक्याने पुसलं की झालं. तसाच राहिला तर बुरशी. कोरड्या ब्रशने घराबाहेर झटका आणि पाकीट चार दिवस सावलीत मोकळ्या वाऱ्यावर ठेवा.