गाडीचं दार आतून का गंजतं?

गाडीचं दार पूर्ण उघडा, खाली बसा आणि दाराची सगळ्यात खालची कड बोटाने चाचपून पाहा. दोन-चार छोटी छिद्रं किंवा लांबट खाचा हाताला लागतील. त्या कारखान्यात मुद्दाम ठेवलेल्या असतात आणि दाराचं आयुष्य बरंचसं त्यांच्यावर अवलंबून असतं. पुष्कळ गाडीमालकांना त्या आहेत हेच माहीत नसतं. बाहेरच्या रंगाला पॉलिश होतं, वॅक्स होतं, कोटिंग होतं. ही छिद्रं मात्र चिखलाने बुजलेली राहतात. मग केव्हातरी दाराच्या तळाशी रंगाखाली फोड दिसतो आणि पत्रा बाहेरून गंजायला लागला असं वाटतं. बहुतेक वेळा तो गंज आतून निघून बाहेरपर्यंत पोचलेला असतो.

दारात पाणी शिरणं हा बिघाड नाही. काच वर-खाली करायची तर तिच्या बाजूला फट लागणारच. बाहेरची रबरी पट्टी बरंचसं पाणी अडवते, सगळं नाही. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यातलं थोडं आत जाणार हे धरूनच दाराची रचना केलेली असते. बाहेरचा पत्रा आणि आतली चौकट यांच्यामधल्या पोकळीतून ते खाली उतरतं आणि छिद्रांतून निघून जातं. आतल्या पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो हे पाणी माणसं बसतात त्या बाजूला येऊ देत नाही. स्पीकर बदलताना किंवा काचेची मशीन दुरुस्त करताना हा पडदा फाडला आणि तसाच सोडून दिला, तर पायाखालचा गालिचाही ओला राहू लागतो आणि गंजायला गाडीची जमीनही मिळते.

आता तळाची दुमड. दाराचा बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो. तो आतल्या चौकटीला बाहेरून वेल्डिंगने जोडला तर त्याचे डाग दर्शनी बाजूला उमटतील. म्हणून पत्र्याची कड चौकटीच्या कडेवरून वळवून घट्ट दाबतात, मध्ये चिकटद्रव्य भरतात आणि वरून सीलरची रेघ ओढतात. लांब पँटच्या तळाच्या दुमडीत धूळ जशी साठून राहते, तसंच इथे होतं. सीलरला बारीक चीर गेली किंवा चिकटद्रव्य एखाद्या ठिकाणी कमी पडलं, की पत्र्यांच्या मधल्या केसभर फटीत पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं. एकदा आत गेलेलं पाणी तिथून सहज सुकत नाही. वारा पोचत नाही, ऊन पोचत नाही, धुण्याचा फवाराही पोचत नाही.

लोखंडावर पाण्याचा पातळ थर असला आणि त्यात ऑक्सिजन विरघळलेला असला, की पत्र्यावर एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो. एका जागी लोखंडाचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूमधून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी ते घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. पाण्यातल्या लोखंडाची आणि हायड्रॉक्साइडची गाठ पडली की आधी हिरवट आणि पुढे ऑक्सिजन मिळाल्यावर तांबूस-तपकिरी गंज बसतो. म्हणजे धातू खाल्ला जाण्याची जागा आणि ऑक्सिजन वापरला जाण्याची जागा वेगवेगळी असू शकते.

हे वेगळेपण किती महत्त्वाचं आहे ते केंब्रिजचे शास्त्रज्ञ उलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात पाण्याच्या एका थेंबावर दाखवून दिलं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. त्यात दोन दर्शकं मिसळलेली असतात. लोखंड विरघळेल तिथे एक निळा रंग दाखवतं, हायड्रॉक्साइड तयार होईल तिथे दुसरं गुलाबी रंग दाखवतं. थोड्या वेळाने थेंबाचा मधला भाग निळा होतो आणि भोवती गुलाबी कडं उमटतं. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो. मध्यभागी तो कमी पोचतो, आणि धातू खाल्ला जातो तो नेमका मध्यभागी. ज्या जागेला ऑक्सिजन भरपूर मिळतो ती इलेक्ट्रॉन घेणारी बनते आणि ते पुरवण्याचा भार ऑक्सिजनला मुकलेल्या जागेवर पडतो.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण गाडीच्या दाराचं सगळं गणित त्यात आहे. उघड्यावरचा, वाऱ्याने सुकणारा पत्रा त्या मानाने सुखी. चिखलाखालचा, रबर बीडिंगखालचा, दुमडीतला, रंगाच्या सुटलेल्या पोपड्याखालचा पत्रा अडचणीत. दाराच्या कडेला शोभेसाठी दाबून बसवलेल्या धातूच्या पट्ट्या याच कारणाने वाईट. त्या बसवताना रंगाला ओरखडा पडतो आणि नंतर त्याच ओरखड्यावर ओल धरून ठेवली जाते. संरक्षण म्हणून विकत घेतलेली वस्तू गंजाला हवी तशी फट तयार करून देते.

गंजाचा आणखी एक वाईट गुण म्हणजे तो जागा जास्त व्यापतो. ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत त्याचं आकारमान असू शकतं. दुमडीत गंज धरला की तो दोन पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो, सीलर फाटतो, फट रुंदावते आणि आणखी पाणी येतं. अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा ऑक्साइडचा थर घट्ट आणि सलग असतो, तो खालच्या धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि भुसभुशीत. तो झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो.

मीठ यात दोन कामं करतं. विरघळलेल्या मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि क्लोराइडमुळे धातूवरचे संरक्षक थर फुटतात. त्याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे मीठ हवेतली ओल ओढून घेतं. साधं मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला स्वतःच पाणी होऊ लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. थंड प्रदेशांत रस्त्यावरचं बर्फ वितळवायला टाकतात ते कॅल्शियम क्लोराइडही तसंच. म्हणून किनाऱ्यावर किंवा अशा रस्त्यांवर फिरलेली गाडी पाऊस नसतानाही आतून ओली राहू शकते. पाण्याचा थेंबही दिसत नसताना दार गंजतं याचं कोडं इथे सुटतं.

कारखान्यात या सगळ्याविरुद्ध बरीच तयारी केलेली असते. संपूर्ण सांगाडा धुऊन त्यावर झिंक फॉस्फेटचा स्फटिकमय थर देतात. मग तो रंगाच्या हौदात बुडवून त्यात वीजप्रवाह सोडतात. विजेच्या ओढीने साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रायमर, म्हणजे रंगाचा सगळ्यात खालचा थर, पोकळ्यांतसुद्धा जाऊन बसतो. ही पद्धत आजच्या रूपात १९७० च्या दशकात गाड्यांच्या कारखान्यांत रुळली आणि गाड्यांचं आयुष्य वाढवण्यात तिचा वाटा फार मोठा आहे. पण वीजप्रवाह अरुंद फटीच्या तळापर्यंत नीट शिरत नाही, आणि भट्टीत भाजताना रंग धारदार कडेवरून मागे सरकतो. दुमड म्हणजे अरुंद फट आणि कड दोन्ही. जिथे गरज सगळ्यात जास्त, तिथेच रंग सगळ्यात पातळ.

या उणिवेवर उपाय म्हणजे जस्त. १८२४ मध्ये इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी जहाजांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांबं समुद्राच्या पाण्यात झिजायचं थांबलं. तुकडे झिजत राहिले, तांबं वाचलं. १८३७ मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवून मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जस्त लोखंडाआधी इलेक्ट्रॉन सोडतं, त्यामुळे मुलाम्याला बारीक ओरखडा गेला तरी शेजारचं जस्त उघड्या पडलेल्या लोखंडाला सांभाळतं. रंगाला हे जमत नाही, तो नुसता आडोसा असतो. पोर्शने १९७५ पासून आपल्या गाड्यांच्या सांगाड्याला असा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली, आणि आज तो सर्रास वापरला जातो. मात्र या थराची जाडी काही मायक्रॉनच असते. जस्त झिजून संपलं की पुढची पाळी लोखंडाची.

हे तत्त्व माहीत झालं की एका फसव्या वस्तूपासूनही बचाव होतो. बॅटरीला जोडायचा एक छोटा डबा ‘गंजरोधक यंत्र’ म्हणून विकला जातो. जहाजाला किंवा जमिनीतल्या नळाला वीज देऊन गंज रोखता येतो हे खरं, कारण त्यांच्याभोवती पाणी किंवा ओली माती सलग असते आणि विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. गाडीभोवती हवा असते. तुटक थेंबांतून असं वर्तुळ पूर्ण होत नाही. त्या पैशांत आतल्या पोकळीत मेण मारून घ्यावं.

मेण मारणं हा मला सगळ्यांत चांगला उपाय वाटतो. पोकळ्यांसाठीचं खास मेण लांब लवचिक नळीने दाराच्या आत फवारतात. ते आधी पातळ असतं, फटींत झिरपतं, आणि मग मऊ थर होऊन राहतं. दार आतून कोरडं असताना, शक्यतो उबदार दिवशी मारावं आणि झाल्यावर खालची छिद्रं मोकळी आहेत ना ते पाहावं. काचेच्या रुळांवर, स्पीकरवर आणि दारात बसवलेल्या सेन्सरवर ते जाऊ देऊ नये. काही गाड्यांत अपघाताची चाहूल घेणारा दाब-सेन्सर दाराच्या पोकळीतच असतो, म्हणून आधी माहितीपुस्तिका वाचावी.

बाकीची काळजी साधी आहे. छिद्रं प्लास्टिकच्या काडीने मोकळी करावीत, तारेने नको, कारण तार तिथला रंग खरवडते. गाडी धुताना दार उघडून तळाची कड आणि बिजागऱ्यांच्या खालचा भागही गोड्या पाण्याने धुवावा. ओली गाडी बंद, दमट आणि गरम गॅरेजमध्ये ठेवण्यापेक्षा वारा खेळेल अशा आडोशाला ठेवलेली बरी. उबेने रासायनिक क्रिया वेगाने होते आणि वारा नसल्याने पाणी हटत नाही.

गंज दिसल्यावर काय करायचं, हे तो कुठून आला त्यावर ठरतं. दाराच्या मध्यावर दगड उडून रंगाचा टवका गेला असेल आणि तिथे तांबूस ठिपका असेल, तर काम घरीही होण्यासारखं आहे. जागा धुऊन तेलकटपणा काढायचा, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायचं, भोवतीच्या रंगाची कड उतरती करायची, मग एपॉक्सी प्रायमर, रंग आणि वर क्लिअर कोट. घासलेल्या धातूला उघडा हात लावू नये, घामातही मीठ असतं. आणि साधा करडा प्रायमर मारून ‘रंग नंतर पाहू’ म्हणत गाडी वापरू नये, कारण तो पाणी शोषतो आणि त्याच्याखाली गंज पुन्हा सुरू होतो.

तळाशी फोड आला असेल तर बाहेरून घासण्याआधी आतलं पॅड उघडून टॉर्चने पाहायला हवं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर तो सडलेला आहे. पत्रा भक्कम असेल पण खड्ड्याखड्ड्यांत काळे ठिपके राहिले असतील, तर ग्राइंडरवरच्या तारेच्या ब्रशवर विसंबू नये. तो पुष्कळदा गंजच घासून चमकवतो. बारीक कणांचा मारा करून साफ करणं चांगलं. ते शक्य नसेल तर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचं रूप बदलणारं रसायन. त्यातलं टॅनिक आम्ल गंजाचं काळसर-निळं लोह टॅनेट करतं, फॉस्फोरिक आम्ल लोह फॉस्फेट करतं. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर त्याचा उपयोग होतो. सुटे पोपडे आणि जाड थर यांच्या खालपर्यंत ते पोचत नाही. दारातल्या आडव्या मजबुतीच्या नळीवर आम्ल लावू नये. ती अतिकठीण पोलादाची असते आणि अशा पोलादात आम्लातून सुटणारा हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं.

भोक पडलं असेल तर पुट्टीने ते बुजवणं म्हणजे गंजाला झाकण घालणं. पुट्टी ओल शोषते आणि मागचा गंज चालूच राहतो. काही महिन्यांत तिच्या कडेने पुन्हा फोड येतात. सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा जोडावा लागतो. यात बऱ्याच कारागिरांकडून राहून जाणारी पायरी म्हणजे मागची बाजू. वेल्डिंगच्या आचेने मागचा प्रायमर आणि जस्त दोन्ही जळतात. टाके निवल्यावर आतून प्रायमर आणि मेण गेलं नाही, तर नवा तुकडा जुन्यापेक्षा लवकर जातो. कामाला देतानाच ‘आतून काय मारणार?’ हे विचारून घ्यावं. जस्ताचा पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर आणि दोन भागांच्या रंगातल्या हार्डनरची वाफ फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा मोकळी हवा आणि योग्य मास्क हवाच.

दुमडीतला गंज पूर्ण काढायचा तर पत्रा उलगडावा लागतो. तेवढं करायचं नसेल तर पातळ, झिरपणारं तेल किंवा मेण दर वर्षी त्या कडेत सोडत राहावं. गंज जाणार नाही, पण पाणी आणि ऑक्सिजन तुटला की त्याचा वेग खूप कमी होतो. बिजागरीची जागा, कुलपाची जागा किंवा आतली मजबुतीची नळी गंजली असेल तर मात्र दारच बदलावं, कारण अपघातात बाजूचा धक्का तेच झेलतं. जुन्या गाडीवरचं दार घेणार असाल तर त्याच्या रंगावर जाऊ नका. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक तळाच्या कडेने फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे असं समजा (दार अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर ते कुठेच धरणार नाही). मग दार उलटं करून छिद्रं मोकळी करा, आत कोरडं होऊ द्या, मेण मारा, आणि त्यानंतरच ते गाडीला बसवा.