एलियस आणि कॉलम: दिसायला सारखे, वागायला वेगळे

डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल भाषेत, सिलेक्टमध्ये 'किंमत * नग ॲज एकूण' लिहिलं की आउटपुटमध्ये 'एकूण' हा कॉलम दिसतो. 'ॲज'ने दिलेलं हे नाव म्हणजे एलियस. मग साहजिकच आपण 'व्हेअर एकूण > ५००' लिहितो, आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस म्हणतो, असा कॉलमच नाही. गंमत म्हणजे खाली 'ऑर्डर बाय एकूण' बिनतक्रार चालतं.

क्वेरीचा, म्हणजे अशा प्रश्नाचा, अर्थ लागतो तो फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, मग सिलेक्ट आणि शेवटी ऑर्डर बाय या क्रमाने. व्हेअरची पाळी येते तेव्हा 'एकूण' जन्मालाच आलेलं नसतं. त्याच सिलेक्टमध्ये शेजारी 'एकूण - सूट ॲज देय' लिहिलं तरी तेच रडगाणं.

हीच क्वेरी कंसात घालून फ्रॉममध्ये ठेवा, किंवा विथ वापरून तिची सीटीई, म्हणजे आधीच नाव देऊन ठेवलेली क्वेरी, करा. बाहेरच्या पातळीवर आता 'एकूण' हा खराखुरा कॉलम असतो. तो व्हेअरमध्ये चालतो, पुढच्या हिशेबातही चालतो. सीटीईने क्वेरी मंदावते ही भीती पोस्टग्रेसमध्ये एके काळी रास्त होती. पण २०१९च्या १२व्या आवृत्तीपासून एकदाच वापरलेली साधी सीटीई मुख्य क्वेरीतच विरघळवली जाते. त्यामुळे तेच सूत्र दोनदा लिहिण्यापेक्षा मी सीटीईच घेईन. सूत्र बदलताना एक जागा हमखास राहून जाते.

प्रत्येक डेटाबेसची सवलत निराळी. मायएसक्यूएल ग्रुप बाय आणि हॅविंगमध्ये एलियस घेतो, व्हेअरमध्ये नाही. रेडशिफ्टमध्ये तर शेजारच्या एक्स्प्रेशनमध्येही एलियस चालतो, पण टेबलात त्याच नावाचा कॉलम असेल तर तोच उचलला जातो.

एरर आली तर निदान कळतं तरी. खरा घोटाळा नावं जुळली की होतो. पोस्टग्रेसमध्ये तारखेला महिन्याच्या पहिल्या दिवसावर आणून त्यालाच 'ॲज तारीख' म्हटलं आणि 'ग्रुप बाय तारीख' केलं, तर गट मूळ कॉलमवर पडतात. महिन्याला एक ओळ हवी असते, मिळते दिवसाला एक, आणि सगळ्यांवर पहिली तारीख! 'ऑर्डर बाय तारीख' मात्र एलियसच धरतं. एलियसला 'महिना' नाव दिलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.