पोर्शे ९११ : ९९३ आणि ९९६

पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्‌स कारची चौथी आणि पाचवी पिढी. ९९३ (१९९३–९८) आणि ९९६ (१९९७–२००५) हे कंपनीचे अंतर्गत क्रमांक. शौकीन मंडळी गाड्यांना याच नावांनी ओळखतात. सहा सिलिंडरचे आडवे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, ही १९६३ पासूनची ठेवण दोन्हींत आहे. फरक इंजिन थंड करण्यात आहे. ९९३ ही हवेने थंड होणारी शेवटची ९११, तर ९९६ ही पाण्याने थंड होणारी पहिली.

‘हवेने’ हा शब्द थोडा फसवा आहे. ९९३ मध्ये पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा सिलिंडरांवर वारा घालतो खरा, पण बरीचशी उष्णता इंजिनातले तेल वाहून नेते. पंख्याची घरघर आणि सिलिंडरांचा कोरडा खडखडाट थेट कानावर येतो. पाण्याचे वेष्टण आले आणि तो आवाज दबला. बदलामागे कारणे होती. आवाज आणि धुराचे नियम कडक होत होते, आणि दर सिलिंडरला चार झडपा बसवायच्या तर वाऱ्याने भागण्यासारखे नव्हते. ९९३ चे ३.६ लिटरचे इंजिन सुरुवातीला २७२ अश्वशक्ती देई. ९९६ ने ३.४ लिटरमधूनच ३०० काढली.

दुसरे कारण पैशाचे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्शे डबघाईला आली होती. कंपनीचे प्रमुख वेंडेलिन वीडेकिंग यांच्या कारकिर्दीत उत्पादनाची घडी जपानी सल्लागारांच्या मदतीने नव्याने बसवली गेली, आणि ९९६ चा पुढचा भाग पोर्शेच्याच स्वस्त बॉक्स्टर गाडीबरोबर वाटून घेतला गेला. दिवा, इंडिकेटर, फॉग लॅम्प सगळे एकाच काचेखाली आले. जर्मनांनी या दिव्याला ‘श्पीगेलआय’, म्हणजे तव्यावर तळलेले अंडे, असे नाव ठेवले. टीका रास्त होती. पण ९९३ जेमतेम ६८ हजार बनल्या आणि ९९६ पावणेदोन लाख, हेही विसरता येत नाही.

आत बसल्यावर पिढी पायांना कळते. ९९३ चे पेडल जमिनीतून वर येतात, ९९६ चे वरून लोंबतात. लांबी ४,२४५ मिलिमीटरवरून ४,४३० वर गेली, त्यामुळे ९९६ ऐसपैस आहे. मागच्या चाकांचे नवे सस्पेन्शन मात्र ९९३ मध्येच आले होते. वळणावर अचानक ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू फिरण्याची ९११ ची जुनी खोड त्याने बरीच आवरली.

९९६ ची खरी दुखरी नस म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टचे (झडपांची यंत्रणा फिरवणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग. ते झिजून तुटले तर झडपा पिस्टनवर आदळतात आणि इंजिन निकामी होते. सगळ्याच गाड्यांना हे होत नाही, पण वापरलेली ९९६ घेणारा पहिला प्रश्न याचाच विचारतो. टर्बो, जीटी२ आणि जीटी३ या आवृत्त्यांना ती भीती नाही. त्यांत पोर्शेचे इंजिन अभियंते हान्स मेट्सगर यांच्या जुन्या शर्यती इंजिनांच्या वंशातले, वेगळ्या बांधणीचे इंजिन आहे.