गुडघ्याची झीज वेगळी, हाडांची झीज वेगळी

मागे आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर भरलं होतं. आईचा गुडघा दुखतो म्हणून तिला घेऊन गेले. गुडघ्याला तिथे कुणी हातही लावला नाही. चप्पल काढून टाच एका छोट्या मशीनमध्ये ठेवायला सांगितली, टाचेला गार जेल चोपडलं आणि दोन-चार मिनिटांत चिठ्ठी हातात दिली: ‘हाडांची झीज’. शेजारच्याच टेबलावर कॅल्शियमच्या गोळ्या सवलतीत मिळत होत्या. आईने तीन महिने नेमाने घेतल्या. जिना चढताना गुडघा दुखायचा तो दुखतच राहिला. त्यात गोळ्यांचा काही दोष नव्हता. दुखत होतं एक आणि मोजलं होतं भलतंच.

हा घोळ आपल्या ‘झीज’ या शब्दाने घातलाय. डॉक्टरांची नावंही मदतीला येत नाहीत: एक ऑस्टिओआर्थ्रायटिस, दुसरा ऑस्टिओपोरोसिस. पहिला सांध्याचा आजार, दुसरा हाडाचा.

आधी सांधा. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतात, तिथे दोघांच्या टोकांवर कूर्चेचं पांढरं, गुळगुळीत अस्तर असतं. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या द्रवावर ते पोसलं जातं, तेही स्पंजासारखं: भार पडला की दबायचं, सुटला की द्रव शोषायचा. म्हणून ‘चालून चालून गुडघे झिजतात, आता बसून राहा’ हा सल्ला मला पटत नाही. बसून राहिलेल्या गुडघ्याची आबाळच होते. अस्तर पातळ होऊन फाटायला लागलं की शरीर आपल्या परीने डागडुजी करतं. हाडाच्या कडांना कंगोरे फुटतात, अस्तराखालचं हाड आणखी टणक होतं. म्हणजे ज्याला आपण झीज म्हणतो, त्यात हाड नको तिथे वाढलेलं असतं. तिथे वरून कॅल्शियम ओतून काय साधणार?

एक्स-रेवर कूर्चा दिसत नाही. दिसते ती दोन हाडांमधली फट, म्हणजे डॉक्टर ज्याला ‘गॅप कमी झालाय’ म्हणतात ती. म्हणून गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढायचा असतो. आडवं झोपून काढला तर फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. झीज 0 ते 4 अशा पायऱ्यांत मोजतात. ही पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी 1957 मध्ये मांडली. पण आकडा आणि कळ यांचं नेहमी जुळतंच असं नाही. तिसऱ्या पायरीवरचा माणूस गड चढून येतो आणि दुसऱ्या पायरीवरच्याला पाटावरून उठवत नाही.

आता हाड. ते आयुष्यभर थोडं मोडत आणि नव्याने घडत असतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, घडण्यापेक्षा मोडणं जास्त होतं आणि आतली जाळी विरळ होत जाते, हाड ठिसूळ होतं. अंडाशय लवकर काढलेल्या बायकांवर ही वेळ फार आधी येते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये एवढा गदारोळ झाला, पण त्यात कुणाची अंडाशयंही गेली असतील तर तिच्या हाडांचं पुढे काय, हे मला त्या चर्चेत कुठे फारसं ऐकू आलं नाही. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही हाच धोका.

आणि हे सगळं गुपचूप चालतं, हाड मोडेपर्यंत दुखत नाही. माझी मावशी चणीने बारीक, गुडघे ठणठणीत. ओल्या अंगणात घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं. मनगट, पाठीचे मणके आणि खुबा ही या आजाराची ठरलेली ठिकाणं. मणके तर न पडताही दबतात, उंची घटते आणि पोक येतं. निदान होतं ते हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा नावाच्या तपासणीत: टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड कुठे आहे हे सांगणारा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली. शिबिरातलं टाचेचं मशीन फार तर इशारा देतं, त्यावरून औषध सुरू करायचं नसतं.

वजनाचंही उलटंच. गुडघ्याला जादा वजन बाधतं, तर ठिसूळपणा बारीक माणसाला अधिक गाठतो. अमेरिकेत 2005 मध्ये गुडघेदुखीच्या वजनदार रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की 1 किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो. पोहणं आणि सायकल गुडघ्याला मानवतात, पण हाड भक्कम व्हायला त्यावर भार पडावा लागतो, त्याला पोहणं पुरत नाही. योगासनांतही तेच: वज्रासन दुखऱ्या गुडघ्याला जड जातं, तर ठिसूळ मणक्यांना कमरेतून पुढे वाकवणारं पादहस्तासन धोक्याचं.

कॅल्शियम हवं ते मावशीला. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1200 मिलिग्रॅम लागतं आणि 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिळतं, बाकीची भर दूध, दही आणि तीळ घालतात. पण एकदा हाड असं मोडलं की नाचणीवर भागत नाही, वेगळी औषधं लागतात आणि ती डॉक्टरच ठरवतात. आईच्या गुडघ्यासाठी ‘वंगणाच्या’ म्हणून मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांची 2006 मध्ये अमेरिकेत 1583 रुग्णांवर चाचणी झाली. एकंदरीत पाहता खोट्या गोळीपेक्षा त्यांचा ठळक फायदा दिसला नाही.

गुडघा अगदीच गेला तर बदलता येतो. वाजपेयींनी पंतप्रधान असताना 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत एकेक करून दोन्ही बदलून घेतले. पण त्याआधी बरंच काही हातात असतं. मुख्य म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू: तो बळकट असेल तर गुडघ्याचा धक्का तो सोसतो. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबायची, पाच आकडे धरायचं, सोडायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. ही बहुतेक सगळे चुकीच्या हातात धरतात, आईही धरायची.

फिजिओथेरपिस्टने एक व्यायाम मात्र दोघी बहिणींना सारखाच दिलाय: हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं. आईच्या गुडघ्याला मांडीचा आधार हवा म्हणून, आणि मावशी पुन्हा पडू नये म्हणून. सुरुवातीला आई चौथ्याला धापा टाकायची. आता मालिकेतल्या जाहिराती संपेपर्यंत दहा होतात. मावशी फोनवर बारा सांगते, पण ती हात टेकत असणार असं आईचं म्हणणं आहे.